नावांशिवाय लावलेले ढीग

माझी नात सव्वीस महिन्यांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, आणि तरी घरातल्या-दुकानातल्या निम्म्या वस्तूंची तिनं वर्गवारी करून टाकली होती. ही गोष्ट मी तेव्हा येईल त्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचो. आता तेवढी रंगवता येत नाही, कारण पुढं कळलं की पोरीला ऐकू येत नव्हतं. ते जेव्हा कळायला हवं होतं, त्याच्या सव्वा वर्ष नंतर कळलं. हा उशीर कोणामुळं झाला याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. मीच बोलतो.

आज ती साडेचार वर्षांची आहे. दोन्ही कानांमागं यंत्रं आहेत, बरंच ऐकू येतं, सगळं नाही. शब्द येताहेत, पण बरोबरीच्या लेकरांच्या पुष्कळ मागून. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, अंतर भरून निघेल. किती भरेल हे त्या सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

वाशीमला बाजारगल्लीत आमचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या मागं घर. मधे फक्त एक पडदा. आम्ही जैन, मूळचे मारवाडातले, पण आमच्या चार पिढ्या इथंच गेल्या. घरात मारवाडी आणि वऱ्हाडीची खिचडी चालते. गल्ल्यावर शुद्ध वऱ्हाडी, माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांशी हिंदी. माझा सगळा जन्म वस्तू जागेवर ठेवण्यात गेला. साबणाशेजारी चहा ठेवायचा नाही, हिंगाशेजारी काहीच ठेवायचं नाही, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. त्यामुळं लेकरं वस्तूंकडं कशी बघतात हे बघायची मला खोड आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात दुसरे लोक डुलकी घेतात, मी पोरं बघायचो.

माझा मुलगा लहान होता तेव्हा त्याला पहिला शब्द सापडला तो ‘माऊ’. गल्लीतली एक पिवळी मांजर पोत्यांवर येऊन निजायची, तिच्यासाठी तो शब्द होता. पण शब्द हातात आल्यावर हा थांबतो कशाला! बकरी माऊ, माझा मफलर माऊ, हमालाची मिशी माऊ. दाढी वाढवलेले एक वकीलसाहेब उदबत्ती घ्यायला आले, त्यांनाही माऊ केलं. ते हसले म्हणून बरं. मग त्याची आई म्हणायची, ‘अरे, ती माऊ नाही, बकरी.’ तो बकरीकडं बघायचा, आईच्या तोंडाकडं बघायचा, पुन्हा बकरीकडं. दोन-तीन दिवसांत बकरी माऊतून बाहेर पडली. मग मफलर बाहेर पडला. मिशी बरेच दिवस आत राहिली. असं करत करत दीड वर्षाच्या आत त्याचं जग बऱ्यापैकी आमच्या जगासारखं झालं. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं: आधी डब्यावर चिठ्ठी लागते, मग डबा भरतो, मग चुकीचा माल एकेक करून बाहेर निघतो.

नातीचं उलटं होतं. तिच्याकडं चिठ्ठ्याच नव्हत्या.

ती रांगायला लागली आणि पडद्याखालून दुकानात यायला लागली. दहाव्या-अकराव्या महिन्यात प्रत्येक वस्तू तोंडात. ते सारीच लेकरं करतात. पण वर्षाची झाल्यावर तिचं तोंड थांबलं आणि हात सुरू झाले. गल्ल्याशेजारी लाकडी तख्तावर ती बसायची. मी तिच्यापुढं हाताला लागेल ते टाकायचो: सुपारी, काडेपेटी, हळकुंड, शाम्पूची पुडी, बाटलीचं बूच, जुनी लोखंडी वजनं. काटा आता बॅटरीवर चालतो, वजनं नुसती पडून होती. ती बराच वेळ एकेक वस्तू फिरवून बघायची आणि मग ढीग लावायची.

पहिला ढीग घरंगळणाऱ्यांचा. सुपारी, बूच, लिंबू, माझ्या औषधाची गोळी. एकदा गोळी काढून घ्यायला मला धावावं लागलं. दुसरा ढीग उघडणाऱ्यांचा. काडेपेटी, चष्म्याचं घर, पाकीट. हा ढीग तख्तावर मावायचा नाही, कारण छत्री आणि कपाटाचं दारही त्यातच होतं. ती मला बोट धरून कपाटापर्यंत न्यायची, दार उघडून दाखवायची आणि हातातली काडेपेटी उघडून दाखवायची. म्हणजे हे आणि हे एक. मी म्हणायचो, बरोबर आहे सेठाणी.

तिसरा ढीग समजायला मला महिना लागला. ती मिक्सरवर तळहात ठेवायची. फ्रीजच्या पाठीला ठेवायची. घरगुती चक्की चालू असली की तिला मिठी मारून उभी राहायची. माझा मोबाइल फळीवर ठेवलेला असताना फोन आला की त्यावर झडप घालायची, आणि तो थांबला की नेऊन मिक्सरपाशी ठेवायची. एके दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला की ह्या थरथरणाऱ्या वस्तू आहेत. मला एवढा आनंद झाला की साखर तोलता तोलता मी समोरच्या माणसाला हे सगळं ऐकवलं. त्या बिचाऱ्याला घाई होती.

शेजारच्या लेकरानं एकदा एक बटाटा तख्तावर आणून ठेवला. आमच्या घरात बटाटा शिरत नाही. वाळलेली हळद-सुंठ सोडली तर जमिनीखालचे कंद आम्ही खात नाही, विकतही नाही. नातीनं तो उचलला, जड वाटला, फिरवून बघितला आणि लोखंडी वजनांत नेऊन ठेवला. शेजारीण पोट धरून हसली. मी म्हटलं, तिचं चुकलं कुठं? तिनं कधी कोणाला तो खाताना पाहिलंच नाही.

मला तिची ही हुशारी फार आवडायची. आजही ती हुशारीच होती असं मी म्हणतो, त्यात मागं घेण्यासारखं काही नाही. मागं घ्यायचं ते दुसरं आहे.

पोरगी अकरा महिन्यांची होती तेव्हा सून एका दुपारी पडदा सारून बाहेर आली. सून कारंज्याची, शिकलेली, कमी बोलणारी. म्हणाली, “पप्पाजी, मी मांगून हाक मारली का हे वळतच नाई. आन पयले गुंगुं करे, थे बी बंद झालं.”

मी म्हटलं, “ते कामात असते. मले बी तुही सासू दहा हाका मारते, मी वळतो काय?”

“तसं नाई पप्पाजी. मले वाटते दाखवून आणावं.”

मी म्हटलं, थांब, आत्ता दाखवतो. नात तख्तावर पाठमोरी बसली होती. मी तिला जोरात हाक मारली आणि हाक मारता मारता सवयीनं तख्तावर पाय आपटला. ती गर्रकन वळली आणि हसली. मी सुनेला म्हटलं, “पाह्य. झालं समाधान?”

तख्त हललं म्हणून ती वळली होती. थरथरणाऱ्या वस्तूंचा ढीग पुढं मीच शोधून काढणार होतो, त्याचं कौतुक गावभर करणार होतो, आणि तरी ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायचं मला सुचलं नाही.

सून महिन्याभरानं पुन्हा आली. ह्या वेळी पडद्यातच उभी राहिली. म्हणाली, कुकरच्या शिट्टीला, दाराच्या कडीला, कशालाच ही बघत नाही. त्या दिवशी तेलाचे भाव चढले होते आणि माझं डोकं तापलेलं होतं. पण हे कारण झालं, माफी नाही. मी बोललो ते असं: “आपल्याच लेकरात खोट काहाडाची सवय चांगली नसते. घरात दोन दोन भाषा हायेत, तिले टाइम लागन. येच्यानंतर हा विषय मायापाशी काहाडू नको.”

तिनं मान खाली घातली आणि आत गेली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. माझा मुलगा माल आणायला बाहेरगावी, कधी इंदूरला, कधी अकोल्याला. घरात माझा शब्द शेवटचा. तो शेवटचा असतो याची मला तेव्हा ऐट होती.

ह्यात भर पडली ती सामायिकाची. आमच्यात रोज अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसून, तोंडाला मुहपत्ती बांधून धर्मध्यान करतात, त्याला सामायिक म्हणतात. माझी बायको ते कधी चुकवत नाही. नात दीड वर्षाची झाली तशी आजीच्या शेजारी बसायला लागली. आसन निघालं की माळ, जीवजंतू हलकेच झाडायची लोकरीची पुंजणी, वेळ मोजायची वाळूची घडी ह्या वस्तू ती न सांगता आणून द्यायची. त्यांचा ढीग तिनं कधीच लावून ठेवला होता, तो आजीचा ढीग. मग स्वतः बसायची आणि घडीतून पडणाऱ्या वाळूकडं बघत राहायची. दीड वर्षाचं पोर, अर्धा अर्धा तास. कुकर शिट्ट्या मारायचा, गल्लीतून ऑटो जायचे, एकदा मांडणीवरून स्टीलचं ताट पडून घरभर घुमत राहिलं. आजीचं ध्यान मोडलं, नातीचं नाही.

ही बातमी पसरायला किती वेळ लागतो? चातुर्मास चालू होता. जैन स्थानकातलं प्रवचन ऐकून परत जाताना बायका आमच्याकडं डोकवायच्या, पोरीला बसलेली बघायच्या आणि गालावर बोटं ठेवायच्या. मागच्या जन्मीचं पुण्य घेऊन आलेला जीव आहे, असं एकीनं म्हटलं, मग साऱ्याच म्हणायला लागल्या. कोणी तिच्यासमोर मुद्दाम भांडं आपटून बघायची. पोर ढिम्म. मग आणखी एक बाई हात जोडायची. बहिरं लेकरू वैरागी समजून त्याच्या पाया पडायचं, हे आमच्याच घरात होऊ शकतं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरेसं होतं, मी आपण होऊन चार फांद्या वर गेलो. सून त्या बायकांना पाणी आणून द्यायची आणि आत जायची. तिच्या चेहऱ्याकडं मी त्या दिवसांत एकदाही नीट बघितलं नाही.

नंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. अनसिंगच्या पलीकडल्या एका खेड्यातली म्हातारी शेतकरीण आमचं जुनं गिऱ्हाईक, ती लेकीच्या पोराला मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसली होती, मी सामान काढत होतो. नात आतल्या बाजूला बारदानांच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, गठ्ठ्यावर बसून बुचं लावत होती. तेवढ्यात वरच्या फळीवरचा रिकामा तेलाचा पिपा खाली पडला. दगडी फरशीवर पत्र्याचा पिपा. मी स्वतः जागच्या जागी उडालो. म्हातारीच्या मांडीवरचं पोर किंचाळून रडायला लागलं.

तिनं त्याला थोपटलं. मग नातीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “सेठजी, तुमच्या नातीले आयकू येते ना?”

माझ्या नाकाला मिरची झोंबली. “काहून?”

“हे लेकरू हाय तीन महिन्याचं, थे दचकलं. तुमी दचकले. हे नाई दचकली.”

“ते सामायिकात बसते,” मी म्हटलं. “तिले धसका नाई कशाचा.”

“मले थे समजत नाई,” म्हातारी म्हणाली. “माया जेठाचं पोरगं असंच होतं. लय शांत. आमी म्हनो, किती गुनाचं लेकरू हाय. मोठं झाल्यावर समजलं. तुमी रागवू नका, पन दाखवून आना.”

मी रागावलोच होतो. तिचं सामान पिशवीत भरलं आणि सुटे पैसे हातात न देता गल्ल्याच्या फळीवर ठेवले. ती गेली. पुढं पुष्कळ दिवस मी तिची वाट बघितली, पण ती आली तेव्हा मी दुकानात नव्हतो.

दुपारचे दोन वाजले, गिऱ्हाईक संपलं. नात तिथंच होती, माझ्याकडं पाठ करून. बारदानांवर बसली होती म्हणजे खालून काही हलणार नव्हतं. मी दोन किलोची दोन वजनं घेतली, अनवाणी तिच्या मागं हातभर अंतरावर जाऊन उभा राहिलो आणि ती एकमेकांवर हाणली. रस्त्यावर निजलेलं कुत्रं उठून पलीकडं गेलं. तिनं एक बूच उचललं, उलटं करून बघितलं आणि ढिगात ठेवलं.

मी पुन्हा हाणली. मग तिचं नाव घेऊन ओरडलो. माझा आवाज मलाच नकोसा झाला. मग मी फिरून तिच्यापुढं आलो आणि तीच वजनं तशीच एकमेकांवर आपटली. ती माझ्या हातांकडं बघून टाळ्या वाजवायला लागली.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आतलं जेवण मला गेलं नाही. ताटावर बसून बायकोला आणि सुनेला म्हटलं, पोरगी अजून बोलत नाही, एकदा अकोल्याला कानाच्या डॉक्टरला दाखवून आणू, सहज. वजनांचं सांगितलं नाही. म्हातारीचं सांगितलं नाही. बायको म्हणाली, कानाला काय झालं? सुनेनं वाढता वाढता हात थांबवला, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वाढायला लागली. तिनं विचारलं फक्त एवढं, की कधी जायचं.

अकोल्याला दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला पोरीला औषध पाजून निजवलं, डोक्याला वायरी लावल्या आणि तिच्या मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे मशीनवर बघितलं. आम्ही बाकावर बसलो होतो. बाहेरच्या खोलीत लेकरांसाठी खेळणी होती. एका बाजूला सारी जनावरं, एका बाजूला साऱ्या गाड्या, कोणीतरी नीट वेगळी करून ठेवलेली. पोरगी जागी झाल्यावर तिनं ती रचना मोडून टाकली. चाकाचा हत्ती गाड्यांत घातला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी कागद समोर ठेवून सरळ सांगितलं. दोन्ही कान, जन्मापासूनच असावं. यंत्रं लावू, रोज शिकवावं लागेल, पोरगी हुशार दिसते. मग त्यांनी समजावलं की लेकरू ऐकतं तेव्हा नुसता आवाज ऐकत नाही. घरातले लोक दिवसभर ज्या वस्तूला जे नाव घेतात त्या नावाभोवती ते वस्तू गोळा करतं, आणि पहिली दोन वर्षं त्याची असतात. हिनं ते सगळं डोळ्यांनी आणि हातांनी केलं, एकटीनं. सून मान हलवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, ती लिहून घेत होती.

शेवटी डॉक्टरांनी पेन उघडलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला असावा तसं विचारलं, “शंका पहिल्यांदा कोणाला आली? आणि कधी?”

मी फरशीकडं बघत होतो. सून म्हणाली, “आत्ताच, महिन्याभरापूर्वी. आमच्या पप्पाजींच्या लक्षात आलं.”

“आजोबांचं बारीक लक्ष आहे,” डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाल्या. “बरं झालं. पुष्कळ घरांत याहून उशीर होतो.” आणि त्या लिहायला लागल्या.

आमच्यात घरातल्या मोठ्या माणसाला परक्यापुढं उघडं पाडत नाहीत. सुनेनं तेच केलं होतं, मला झाकलं होतं. मी हो म्हणून मान हलवली असती तर ते कायमचं झाकलं गेलं असतं. घरात, गल्लीत, स्थानकात सगळ्यांना तेच कळलं असतं, आणि मलाही काही वर्षांनी ते खरं वाटलं असतं.

मी म्हटलं, “लिहू नका. हिच्या लक्षात आलं होतं. पोरगी अकरा महिन्यांची होती तेव्हा. दोनदा सांगायला आली होती. मी तिला गप्प बसवलं.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि खाली दुसरी लिहिली.

सून तेव्हा रडायला लागली. रिपोर्ट ऐकताना रडली नव्हती. तोंडावर पदर घेतला, पण आवाज काही थांबेना. पोरगी तिच्या मांडीवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तो पदर बाजूला करायला लागली. मी म्हटलं, “बेटा, चुकलं माझं.”

ती पदरातूनच म्हणाली, “सव्वा वर्ष मले वाटत राह्यलं पप्पाजी, का मीच वाईट माय हावो.”